मोटारीचे रंगकाम : श्रमामागील शास्त्र

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे. हात मळवणाऱ्या कामाला कमी लेखण्याची वृत्ती याच विभागणीने पोसली. आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी आज गॅरेजमध्ये रंगकाम करतात. काहीजण जुनी मोटार घेऊन ती घरीच रंगवू पाहतात. या कामामागचे शास्त्र सर्वांनीच समजून घ्यावे, असे आहे.

मोटारी पूर्वी कुंचल्याने रंगवीत. वॉर्निशचे थर वाळण्यास कित्येक आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत ‘ड्यूको’ हा लवकर वाळणारा, फवारता येणारा लॅकर मोटारींसाठी आला आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. पुढे १९४९ मध्ये एड सेमूर यांनी रंग फवारणीच्या डब्यात भरला. तेव्हापासून हे काम घराच्या अंगणातही शक्य झाले.

रंग फवारणे हा या कामाचा सर्वांत छोटा भाग होय. खरे श्रम त्याआधीचे. प्रथम गाडी साबणाने धुऊन मेण व तेलकटपणा काढावा. गंज ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत घासावा. वरवर झाकलेला गंज आतून पसरतच राहतो. खड्ड्यांत पुट्टी भरून ती ३२० नंबरपर्यंत घासावी. मग प्रायमर द्यावा व वाळल्यावर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून तो गुळगुळीत करावा. काचा, दिवे व रबर टेप आणि कागदाने झाकावेत.

फवारणीचा डबा पत्र्यापासून सुमारे २० ते २५ सेंटिमीटरवर धरावा. हात समांतर व एकाच गतीने फिरवावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. एकच जाड थर ओघळतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने पातळ थर द्यावेत. शेवटी क्लिअर कोट. एखादा दरवाजा किंवा बंपर यांसाठी डबा पुरेसा. संपूर्ण गाडीला कॉम्प्रेसर व स्प्रे गनच हवी. पावसाळ्यातील दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक येते, तर कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग एकसारखा पसरण्याआधीच वाळतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. हार्डनर मिसळायच्या ‘टू-के’ रंगात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याने दमा जडतो आणि एकदा जडल्यावर अत्यल्प मात्राही श्वास कोंडण्यास पुरते. धोक्याची सूचना देणारा वास त्याला नसतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क त्यापासून वाचवत नाही. त्यासाठी बाहेरील शुद्ध हवा पुरवणारा मुखवटाच लागतो. म्हणून घरी हा रंग फवारूच नये. तळाची कळ दाबून हार्डनर मिसळायचे डबेही यातच मोडतात. साध्या रंगालाही रासायनिक वाफ शोषणारा मास्क, चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा आवश्यक आहे. जवळपास चूल, विडी वा ठिणगी नसावी.

गाडीचा रंग बदलल्यास परिवहन कार्यालयातून नोंदणी पुस्तकातील नोंदही बदलून घ्यावी.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराचे आरोग्य हा त्याचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे, हा विचार आपल्याला त्यांच्याकडून मिळाला. आपले जे विद्यार्थी आज गॅरेजचे मालक आहेत, त्यांनी हाताखालच्या मुलाला स्प्रे गन देण्याआधी योग्य मुखवटा द्यावा. जे नोकरीत आहेत, त्यांनी तो निःसंकोच मागावा. प्रज्ञेला करुणेची जोड द्यावी, हे आपण या शाळेत शिकलो. रंगाच्या कामातही त्याचा अर्थ एवढाच की, गाडीच्या चकाकीसाठी कोणाचेही फुप्फुस खर्ची पडू नये.