हजेरीपट आणि डिस्नेची सहल

इंग्लंडमध्ये शाळेचा दिवस हजेरीच्या हिशेबात दोन अर्ध्यांत मोजला जातो. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा अशी दोनदा हजेरी घेतली जाते. हजर मुलाच्या नावापुढे सकाळी एका बाजूला कललेली आणि दुपारी तिच्या उलट बाजूला कललेली अशा दोन तिरप्या रेघा पडतात, तर गैरहजर मुलाच्या नावापुढे कारण सांगणारे रोमन अक्षर येते. आजारपणासाठी ‘आय’, धार्मिक सणासाठी ‘आर’ आणि शाळेची परवानगी नसताना आईवडिलांबरोबर सुटीवर गेलेल्या मुलासाठी ‘जी’. वरवर पाहता ही कारकुनी नोंद आहे. परंतु या ‘जी’ अक्षराच्या पोटी त्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला एक खटला आणि दरवर्षी पालकांना लाखोंच्या संख्येने पोहोचणाऱ्या दंडाच्या नोटिसा दडलेल्या आहेत. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात मुलांच्या गैरहजेरीबद्दल इंग्लंडमधील पालकांवर सुमारे ४ लाख ८७ हजार नोटिसा बजावल्या गेल्या आणि त्यांपैकी शेकडा ९१ नोटिसा विनापरवाना कौटुंबिक सुटीबद्दलच्या होत्या.

एवढे पालक नियम मोडतात याचे कारण बेपर्वाईत शोधण्याआधी ते पर्यटनाच्या बाजारात शोधावे लागते. विमानातील रिकामी खुर्ची किंवा हॉटेलातील रिकामी खोली हा नाशवंत माल असतो. संध्याकाळी मंडईत उरलेली पालेभाजी जशी मिळेल त्या भावाने काढून टाकावी लागते, तशी ती खुर्चीही विमान सुटण्याआधी विकली गेली नाही तर तिची किंमत शून्य होते. साहजिकच गर्दी नसलेल्या आठवड्यात दर उतरतात आणि सगळ्या देशातील शाळा एकदम बंद होतात तेव्हा ते चढतात. इंग्लंडमध्ये उन्हाळ्याची सुटी जुलैच्या अखेरीपासून साधारण सहा आठवडे असते आणि प्रत्येक सत्राच्या मध्यावर ‘हाफ टर्म’ नावाची एका आठवड्याची सुटी मिळते. कोट्यवधी माणसांची मागणी या मोजक्या आठवड्यांत कोंबली जाते. थीम पार्क, म्हणजे एखाद्या कथाविश्वाभोवती रचलेले मोठे करमणूक उद्यान, हे या अर्थकारणाचे ठळक उदाहरण आहे. फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळ १९७१ मध्ये सुरू झालेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने २०१८ पासून तिकिटाचा दर तारखेनुसार बदलता ठेवला आहे. तेथे चार स्वतंत्र उद्याने आहेत आणि लंडनहून तेथे पोहोचायलाच नऊ तासांच्या आसपासचे उड्डाण करावे लागते, त्यामुळे ही सहल शनिवार-रविवारात उरकता येत नाही. शाळा चालू असतानाच्या आठवड्यात गेल्यास विमान, खोली आणि तिकीट तिन्ही स्वस्त पडतात, शिवाय पाळण्यांसमोरच्या रांगाही आखूड असतात. चार माणसांच्या कुटुंबाला हा फरक दुर्लक्षिण्यासारखा नसतो.

२०१३ पूर्वी या ओढाताणीला एक झडप होती. मुख्याध्यापकांना विशेष परिस्थितीत कौटुंबिक सुटीसाठी वर्षाला दहा दिवसांपर्यंत रजा देण्याची मुभा नियमांतच होती आणि अनेक शाळांत तिचा वापर मोकळ्या मनाने होत असे. १ सप्टेंबर २०१३ पासून नियमांतील कौटुंबिक सुटीचा उल्लेख काढून टाकण्यात आला आणि ‘अपवादात्मक परिस्थिती’ असेल तरच रजा द्यावी असे ठरले. सुटी स्वस्त पडते ही परिस्थिती अपवादात्मक मानली जात नाही, कारण ती सर्वांचीच असते. वेल्समध्ये मात्र दहा दिवसांचा तो अधिकार मुख्याध्यापकांकडे राहिला आणि स्कॉटलंडमध्ये अशा दंडाच्या नोटिसाच नाहीत. म्हणजे एकाच राज्यसत्तेखालील तीन प्रदेशांत त्याच सहलीचे तीन वेगवेगळे परिणाम होतात.

नियम बदलल्यानंतर दोन वर्षांनी आयल ऑफ वाइट या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या बेटावरील एका वडिलांनी आपल्या मुलीला एप्रिल २०१५ मध्ये फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डच्या सहलीला नेले. मुख्याध्यापकांनी रजा नाकारली होती. स्थानिक परिषदेने ६० पौंडांची नोटीस पाठवली, ती मुदतीत न भरल्याने रक्कम १२० पौंड झाली, आणि तीही न भरल्याने प्रकरण फौजदारी न्यायालयात गेले. १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या कलम ४४४ नुसार शाळेत नाव असलेले मूल ‘नियमितपणे’ हजर राहिले नाही तर पालक शिक्षेस पात्र ठरतो आणि त्याचा हेतू काय होता हे सिद्ध करण्याची गरज नसते. न्यायशास्त्रात याला कठोर दायित्व म्हणतात. प्रश्न एवढाच उरला की नियमितपणे म्हणजे काय. सहलीपूर्वी मुलीची हजेरी शेकडा ९५ होती आणि सहलीनंतरही ती ९० च्या वर होती. स्थानिक न्यायालयाने पालकाच्या बाजूने निकाल दिला आणि मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

६ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने तो फिरवला. लेडी हेल यांनी लिहिलेले निकालपत्र एका साध्या क्रियाविशेषणाची फोड कशी करावी याचा वस्तुपाठ आहे. नियमितपणे याचा एक अर्थ ठरावीक अंतराने असा होतो. पण मग दर सोमवारी येणारे मूलही नियमित ठरेल, आणि हा अर्थ कोणालाच मान्य नव्हता. दुसरा अर्थ पुरेशा वेळा असा होतो. उच्च न्यायालयाचा कल याच अर्थाकडे होता. तिसरा अर्थ शाळेने घालून दिलेल्या नियमांनुसार असा होतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने तोच ग्राह्य धरला. दुसऱ्या अर्थाविरुद्ध न्यायालयाने दिलेली कारणे लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहेत. ‘पुरेसे’ म्हणजे किती हे आधी सांगता येत नसेल तर माणसाला आपण गुन्हा करत आहोत की नाही हेच कळणार नाही; एका मुलाच्या गैरहजेरीने शिक्षकांना मागे पडलेला भाग पुन्हा घ्यावा लागतो आणि त्याचा भार वर्गातील इतर मुलांवरही पडतो; आणि गैरसोय व खर्च सोसून नियम पाळणाऱ्या कुटुंबांवर तो अन्याय होतो. खटला पुन्हा खालच्या न्यायालयाकडे गेला आणि पालक दोषी ठरले.

कायद्याचा अर्थ लावण्याचे काम म्हणून हा निकाल बरोबर वाटतो. वर्ग ही सामूहिक गोष्ट आहे; तीस मुलांतील प्रत्येकाने आपापला सोयीचा आठवडा निवडला तर शिक्षिकेला अपूर्णांकांची बेरीज वर्षभर शिकवत राहावी लागेल. परंतु निकाल बरोबर असला म्हणून त्यामागचे धोरण शहाणपणाचे ठरत नाही, आणि येथे इतिहासाकडे पाहिल्यास काही वेगळे दिसते.

शाळा आणि घर यांच्यातील ही रस्सीखेच डिस्नेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमध्ये शिक्षण सक्तीचे झाले ते १८८० मध्ये. त्यानंतरही कित्येक दशके लंडनच्या पूर्व भागातील कष्टकरी कुटुंबे दर सप्टेंबरमध्ये मुलाबाळांसह केंट परगण्यात हॉप्स तोडायला जात. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणणारी वेलीवरची फुले; त्यांची तोडणी हातांनी होई, मजुरी हातात पडे आणि धुराने काळवंडलेल्या वस्तीतील मुलांना वर्षातून एकदा मोकळी हवा मिळे. शाळेच्या दप्तरी ती गैरहजेरी होती. आईच्या लेखी ती कमाई आणि सुटी दोन्ही होती. केंटमधील शाळांनी तर पुढे आपली मोठी सुटीच तोडणीच्या हंगामाशी जुळवून घेतली. उत्तरेकडे लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या गावांत याहून बोधप्रद व्यवस्था होती. तेथे ‘वेक्स वीक’ नावाचा वार्षिक सुटीचा आठवडा असे. त्या आठवड्यात गावातील गिरण्या आणि दुकाने बंद होत, पुढे शाळाही त्याच आठवड्यात बंद ठेवल्या जात, आणि गावेच्या गावे आगगाडीने ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्याला लोटत. महत्त्वाचे म्हणजे हा आठवडा प्रत्येक गावाचा वेगळा असे. ओल्डहॅमचा एक, बोल्टनचा दुसरा, ब्लॅकबर्नचा तिसरा. त्यामुळे १८९६ मध्ये सुरू झालेल्या ब्लॅकपूल प्लेझर बीचसारख्या करमणूक उद्यानाला उन्हाळाभर गिऱ्हाईक मिळे आणि गिरणी कामगारांचे सगळे जग एकाच वेळी किनाऱ्यावर येऊन आदळत नसे. ज्या काळात मुलाची सुटी आणि बापाची सुटी एकाच भोंग्याने ठरत होती, त्या काळात हा वाद उद्भवण्याचे कारणच कमी होते.

आज भोंगा नाही, आणि त्याच्या जागी दंड आला आहे. ऑगस्ट २०२४ पासून इंग्लंडभर एकच पद्धत लागू झाली. दहा शालेय आठवड्यांत दहा अर्धे दिवस, म्हणजे पाच पूर्ण दिवस, विनापरवाना गैरहजेरी झाली की शाळेला नोटिशीचा विचार करावा लागतो. २१ दिवसांत भरल्यास ८० पौंड, २८ दिवसांत भरल्यास १६० पौंड. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा तसेच घडल्यास सरळ १६० पौंड, आणि तिसऱ्यांदा नोटिशीऐवजी खटल्यासारखी कारवाई. हा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला वेगळा असतो. स्वयंपाकघरातील टेबलावर बसून दोन मुलांच्या आईवडिलांनी हिशेब केला तर दोन गुणिले दोन गुणिले ८० असे ३२० पौंड होतात, आणि अटलांटिकपलीकडच्या सहलीतील बचत त्याहून जास्त असेल तर दंड हा तिकिटांच्या खर्चातील आणखी एक रकाना बनतो.

हे कसे घडते याचे उत्तर इस्रायलमधील हैफा शहरातील पाळणाघरांत केलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात सापडते. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांचे निरीक्षण केले; त्यांपैकी सहा ठिकाणी मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड लावण्यात आला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उशीर कमी होण्याऐवजी सुमारे दुप्पट झाला आणि दंड उठवल्यावरही तो खाली आला नाही. आधी उशीर करणाऱ्या आईला ताटकळलेल्या बाईंसमोर ओशाळल्यासारखे होई. दंड आल्यावर तिने त्या वेळेची किंमत मोजली, आणि किंमत मोजलेल्या गोष्टीबद्दल कोणी ओशाळत नाही. इंग्लंडमधील पालकांचे नेमके हेच झाले आहे असे सिद्ध झालेले नाही, तरी नोटिसांचा वाढता आकडा त्याच दिशेने बोट दाखवतो. यातली बोचणारी बाजू अशी की ज्याला ३२० पौंड सहज परवडतात त्याच्यासाठी हा परवाना आहे आणि ज्याला ते परवडत नाहीत त्याच्यासाठी ती शिक्षा आहे.

शिवाय शाळांची खरी चिंता दुसरीकडे आहे. वर्षातील दहा टक्के किंवा त्याहून अधिक अर्धे दिवस चुकवणाऱ्या मुलाला तेथे ‘सातत्याने गैरहजर’ म्हणतात. २०१८-१९ मध्ये अशी मुले सुमारे ११ टक्के होती. कोरोनाच्या साथीनंतर, २०२२-२३ मध्ये, ती २१ टक्क्यांवर गेली. शालेय वर्ष साधारण १९० दिवसांचे असल्याने त्यातील एका आठवड्याची सहल अडीच-तीन टक्क्यांपलीकडे जात नाही. ज्या मुलाला सकाळी शाळेच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो, ज्याला विशेष शिक्षणाची जागा मिळण्याची वाट पाहावी लागते, ज्याच्या घरी आजारी आईची शुश्रूषा करणारे दुसरे कोणी नाही, त्याची गैरहजेरी दंडाने भरून निघणारी नाही. सहलीवरचा दंड मात्र वसूल करायला सोपा आहे, कारण त्या पालकाचा पत्ता, तारखा आणि बहुधा अर्जही शाळेच्या हातात असतो. सोपे ते आधी करण्याची प्रशासनाची ही सवय मुलांच्या हिताची नाही, हे स्पष्टपणे म्हणायला हवे.

दुसरा मार्ग दिनदर्शिकेतून जातो. जर्मनीत उन्हाळ्याची सुटी सोळा राज्यांत पुढेमागे ठेवली जाते, नेदरलँड्समध्ये देशाचे तीन विभाग करून आणि फ्रान्समध्ये हिवाळ्याच्या व वसंताच्या सुटीसाठी तीन पट्टे आखून हेच साधले जाते. याचा अर्थ तेथे शिस्त सैल आहे असा नाही. २०१८ मध्ये पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुटीच्या तोंडावर बव्हेरियातील विमानतळांवर पोलिसांनी शाळा बुडवून निघालेल्या कुटुंबांना हटकले होते. जपानमधील आइची प्रांताने तर २०२३ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. तेथील सार्वजनिक शाळांतील मुलांना पालकांबरोबर शाळेबाहेर काही शिकण्यासाठी वर्षातून तीन दिवस घेता येतात आणि ते गैरहजेरीत धरले जात नाहीत. पर्यटन आणि सेवा उद्योगात काम करणाऱ्या, म्हणजे इतरांच्या सुटीच्या दिवशीच राबणाऱ्या आईबापांचा विचार त्यामागे आहे. इंग्लंडमध्येही परिषदांना आणि स्वायत्त शाळांना सत्रांच्या तारखा ठरवण्याचा अधिकार आहे; परंतु थोरला एका शाळेत आणि धाकटी दुसऱ्या शाळेत असलेल्या घरांची तारांबळ उडू नये म्हणून शेजारपाजारच्या शाळा एकमेकींच्या तारखा धरून चालतात, आणि जो बदल एकट्याने करता येत नाही तो कोणीच करत नाही.

महाराष्ट्राने ही लवचीकता फारसा गाजावाजा न करता सांभाळली आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यानंतर उघडतात आणि कोकणातील शाळांना गणेशोत्सवात सुटी असते, कारण त्या दिवसांत मुंबईचा चाकरमानी गावी येणार आणि घर भरणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. हेच घर इंग्लंडमधील स्लाउ किंवा हाउन्स्लो येथे राहायला गेले की गणित बदलते. इंग्लंडचे शालेय वर्ष सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, आणि गणेशचतुर्थी सप्टेंबरात आली, जशी २०२६ मध्ये ती १४ तारखेला आहे, तर ती नव्या वर्गाच्या अगदी आरंभी येते. धार्मिक पाळणुकीसाठीच राखलेल्या दिवसाची गैरहजेरी कायदा गुन्हा मानत नाही, त्यामुळे चतुर्थीच्या दिवशी मुलीच्या नावापुढे ‘आर’ लागू शकतो. आजोबांच्या घरी आरतीला उभे राहून, गौरी-गणपतींचे विसर्जन करून परत लंडनच्या विमानात बसेपर्यंत शाळेचे आणखी पाच दिवस सहज जातात. त्यांचे दहा अर्धे दिवस होतात, आणि मुख्याध्यापकांनी ही परिस्थिती अपवादात्मक मानली नाही तर हजेरीपटावर तिच्या नावापुढे तेच दहा ‘जी’ उमटतात, जे डिस्नेला गेलेल्या तिच्या बाकावरच्या मैत्रिणीपुढे उमटले असते.