गोसेखुर्दला जाताय? आधी पवनीला थांबा!

तिकडे रोममध्ये सम्राटांचं राज्य होतं, तेव्हा आपल्या भंडाऱ्यात काय चालू होतं? उत्तर पवनीत आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जगन्नाथ टेकडी खणली आणि आत निघाला विटांचा भव्य स्तूप! खांबावर नागराज मुचलिंद, तोही ब्राह्मीत नावासकट. सातवाहन काळातही हे वैनगंगेकाठचं गाव नांदतं होतं. त्याच काळात रोमन माल महाराष्ट्रात येत होता; कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. पवनीतही परक्या नावाच्या महाक्षत्रपाचा, रूपिअम्माचा स्मृतिस्तंभ मिळालाय. म्हणजे आपलं गाव तेव्हाही आडवाटेला नव्हतं. टेकडीवर जा, सेल्फी काढा. पण तिथली वीट हलवू नका. जागेवरून हललेली वीट मुकी होते.