पाठ असलेल्या गाण्याची फर्माईश

मध्यम लहरींवर 1305 किलोहर्ट्‌झ म्हणजे आकाशवाणीचं परभणी केंद्र. ‘आपली आवड’सारख्या फर्माईशी कार्यक्रमांची सवय असलेल्या पिढीला ती नावांची यादी अजून आठवत असेल. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, पालम, पूर्णा. गावाचं नाव, मग पाच-सहा जणांची नावं आणि शेवटी ‘व त्यांचं मित्रमंडळ’. गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं, आणि नावांनाच मिनिटभर लागायचं. फर्माईशींचा हा नाद देशभर होता. झारखंडमधलं झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव तर विविध भारती आणि रेडिओ सिलोनला पाठवलेल्या फर्माईशींमुळेच घराघरात पोचलं.

यात एक कोडं आहे. कार्ड टाकणाऱ्याला ते गाणं बहुतेक वेळा तोंडपाठ असायचं. जे येतंच आहे ते ऐकण्यासाठी पोस्टकार्ड खर्ची घालायचं, आठवडेच्या आठवडे वाट पाहायची, आणि ते लागलं की शेजारच्यांनाही हाक मारून बोलवायचं, हे कशासाठी? गेल्या पंचवीस वर्षांत मेंदूविज्ञानाने या कोड्याची बरीचशी उकल केली आहे.

काटा येण्याआधीचे क्षण

कॅनडातल्या माँट्रियल इथल्या मॅकगिल विद्यापीठात अॅन ब्लड आणि रॉबर्ट झटोर यांनी 2001 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांच्या अंगावर गाणं ऐकताना हमखास काटा येतो अशा 10 जणांना त्यांनी निवडलं आणि आपापलं आवडतं संगीत आणायला सांगितलं. काटा येतो त्या वेळी मेंदूचे नेमके तेच भाग जागे होत होते, जे भूक भागल्यावर किंवा मादक पदार्थ घेतल्यावर होतात. संगीताने पोट भरत नाही, तरीही मेंदू त्याला बक्षीस समजतो, असा याचा अर्थ.

दहा वर्षांनी, 2011 मध्ये, त्याच विद्यापीठात व्हॅलरी सलीमपूर आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न घेतला: हे बक्षीस मेंदूला मिळतं केव्हा? त्यांनी डोपामिन या रसायनाचा माग काढला. गाण्याचा कळसाचा क्षण येतो तेव्हा मेंदूच्या खोल भागातल्या ‘न्यूक्लियस अॅकम्बन्स’ या केंद्रात डोपामिन स्रवतं, हे अपेक्षितच होतं. पण त्या क्षणाच्या काही सेकंद आधीच, ‘कॉडेट’ नावाच्या शेजारच्या भागात डोपामिन वाढायला लागलेलं दिसलं. ‘आता ती जागा येणार’ हे ठाऊक असण्यातच अर्धं सुख होतं.

मैफलीत बसणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तबलजीने तिहाई धरली की सम कुठे पडणार हे श्रोत्याला कळलेलं असतं, म्हणून तर मान आधीच हलायला लागते आणि दाद नेमकी समेवर पडते. पाठ असलेलं गाणं पुन्हा का हवंसं वाटतं याचं उत्तरही इथेच आहे. नव्या गाण्यात पुढे काय येणार ते ठाऊक नसतं. पाठ गाण्यात प्रत्येक हरकतीची वाट पाहता येते.

डोपामिन नुसतं सोबतीला असतं की खरोखर सुख देतं, हे तपासायला 2019 मध्ये लॉरा फेरेरी आणि बार्सिलोनातल्या संशोधकांनी 27 जणांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या गोळ्या दिल्या. एका गोळीत डोपामिन वाढवणारं लेव्होडोपा होतं, एकीत डोपामिनचा मार्ग अडवणारं रिस्पेरिडोन, तर एक गोळी निव्वळ साधी. लेव्होडोपा घेतलेल्या दिवशी गाण्यातला आनंद वाढला आणि रिस्पेरिडोनच्या दिवशी तो घटला. एवढंच नाही, तर गाण्यासाठी स्वतःचे पैसे मोजायची तयारीही तशीच कमीजास्त झाली. पोस्टकार्डाचे पैसे मेंदूच्या कोणत्या खात्यातून जात होते, हे त्यावरून कळतं.

सगळ्यांच्याच मेंदूत हे खातं उघडलेलं नसतं. 2014 मधल्या बार्सिलोनाच्याच एका अभ्यासात अशी माणसं आढळली की ज्यांचे कान उत्तम, गाणं आनंदी की दुःखी हेही त्यांना बरोबर ओळखता येतं, पैसे मिळाले तर आनंदही होतो, पण गाण्याने काहीच होत नाही. पुढे 2016 मध्ये दिसलं की त्यांच्यात ऐकण्याचं केंद्र आणि बक्षिसाचं केंद्र यांच्यातलं दळणवळण कमी असतं. घरात असं कोणी असेल तर त्याला अरसिक म्हणून हिणवू नये.

एकाचा काटा, दुसऱ्याला काहीच नाही

ब्लड आणि झटोर यांच्या प्रयोगात एक खुबी होती, आणि या लेखाचा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. तुलनेसाठी वेगळं, बेचव संगीत शोधण्याऐवजी त्यांनी एकाचं आवडतं संगीत दुसऱ्याला ऐकवलं. स्वर तेच आणि वाद्यंही तीच. पण ज्याने निवडलं त्याच्या अंगावर काटा यायचा आणि दुसरा कोरडाच राहायचा. म्हणजे काट्याचा मोठा भाग गाण्याबाहेर, ऐकणाऱ्याच्या आयुष्यात साठवलेला असतो.

तो साठतो कधी? चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला जुन्या आठवणी काढायला सांगितल्या की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त निघतात, आणि आवडत्या गाण्यांचंही तसंच. पण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॅरल क्रुमहान्सल यांनी 2013 मध्ये विशीतल्या विद्यार्थ्यांना जुनी-नवी लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मुलांना स्वतःच्या वयातली गाणी भावलीच. पण त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही त्यांचं घट्ट नातं निघालं. घरात रेडिओ, टेप किंवा सीडी वाजत राहिली, त्यातून आईवडिलांची आवड मुलांच्या आठवणीत उतरली होती. वडिलांच्या तोंडची नाट्यगीतं आज नातवाला येतात, ती अशीच.

मग दुःखाची गाणी माणूस मुद्दाम का ऐकतो? 2014 मध्ये बर्लिनमधल्या एका पाहणीत जगभरातल्या 772 जणांना हेच विचारलं. दुःखी संगीताने सर्वांत जास्त वेळा कोणती भावना जागते, याचं उत्तर ‘दुःख’ नव्हतं. ती होती गेलेल्या दिवसांची हुरहुर. रडवणाऱ्या गाण्यात माणूस गेलेल्या माणसांना भेटून येतो.

जात्यावरची फर्माईश

गाणं आणि त्यामागचं कारण एकत्र सांगण्याची रीत परभणीच्या मातीत रेडिओच्या कितीतरी आधीपासून आहे. गोदाकाठचं गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. जात्यापाशी बसलेल्या जनाबाईला दळू लागायला विठ्ठल येतो, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे.

पहाटे ज्वारीचं दळण घेऊन दोघी जणी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने मूठमूठ वैरण जात्याच्या तोंडात सोडायची, पाळ फिरत राहायची, आणि त्या फेऱ्याच्या लयीवर एकीची ओळ दुसरीने उचलायची. ओव्याही एकेकाच्या नावावर असत: पहिली देवाची, दुसरी आईबापांची, मग भावाची, मग माहेरच्या वाटेची. सासुरवास, सीतेचा वनवास, पुढे बाबासाहेब आंबेडकरांचं ऋण, सगळं त्यात आलं. उघड बोलता येत नव्हतं ते ओवीत म्हणता येई.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. पुण्यातले संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून या ओव्या टिपायचं काम हाती घेतलं, आणि त्यातून एक लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह उभा राहिला. संगीताचा संगणकाच्या मदतीने अभ्यास करणारे बर्नार्ड बेल त्यात सामील झाले. 2017 पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या ओव्या लोकांसमोर आणते आहे.

एकत्र गाण्याने माणसं जवळ येतात ही नुसती समजूत नाही. ऑक्सफर्डच्या आयलुनेड पिअर्स, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढांच्या नव्याने सुरू झालेल्या वर्गांचा सात महिने पाठपुरावा केला. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांअखेर सगळ्याच वर्गांत आपुलकी सारखीच होती, पण गाण्याच्या वर्गात ती कितीतरी लवकर आली. अनोळखी घरात आलेली नवी सून आणि तिच्यासमोर खुंटा धरलेली जाऊ किंवा सासू, यांच्यासाठी ही घाई मोलाची होती. सासुरवास ओवीने संपत नव्हता; पण पहाटेच्या त्या तास-दोन तासांत दोघींचा श्वास एका लयीत चालायचा.

दुव्यासोबत एक ओळ

आता तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहू. ओवीत माणसाचं नाव असे आणि कारणही. रेडिओच्या फर्माईशीत नाव उरलं, कारण गेलं. निवेदकाला ते वाचायला सवडच नव्हती. आज आपण व्हॉट्सअॅपवर गाण्याचा दुवा पाठवतो तेव्हा गाणं एका क्षणात पोचतं, पण त्यामागची कहाणी आपल्यापाशीच राहते. समोरचा अंगठा दाखवतो आणि पुढे जातो. त्याला दोष देता येत नाही. ब्लड-झटोर यांच्या प्रयोगातला तो दुसरा श्रोताच आहे तो: स्वर त्याला ऐकू आले, ते कुठे नेतात हे त्याला कोणी सांगितलं नाही.

गाण्याने जे आपल्याला होतं ते निव्वळ गाणं पाठवून समोरच्याला होणार नाही, असंच हा प्रयोग सांगतो. मग निदान आपल्याला काय होतं ते तरी सांगावं. यापुढे गाणं पाठवाल तेव्हा सोबत एक ओळ लिहा: हे पहिल्यांदा कुठे ऐकलं, सोबत कोण होतं. आणि घरातल्या मोठ्यांना नुसतं ‘आवडतं गाणं कोणतं’ एवढंच विचारू नका, ‘का’ हेही विचारा. उत्तराला दहा मिनिटं लागली तर लागू द्या. गाणं त्यानंतर लावा.