पाण्यात उभी, तरी तहानलेली पऱ्हाटी

झाडात पाणी वर कसे चढते, यावर लिहायला बसलेला जो तो १७२७ सालच्या स्टीफन हेल्सपासून निघतो आणि डिक्सन व जॉली यांच्या १८९४ च्या सिद्धान्तापाशी पोचला की हुश्श करतो. पानांतून वाफ उडते, तिच्या ओढीने काष्ठवाहिन्यांतला पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो, संपले! त्यानंतर जगदीशचंद्र बोसांनी १९२३ च्या ग्रंथात सालीच्या आतल्या जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस चढतो, असे मांडले. स्वदेशी मत म्हणून ते काहींना अजून सोडवत नाही. पण खोडातल्या पेशी विषाने मारल्या तरी पाणी चढते, हे स्ट्रासबुर्गरने त्याच्या कितीतरी आधी दाखवले होते. रेडिओ लहरी आणि लाजाळू एवढ्यावर बोसांचे मोठेपण भक्कम उभे आहे. त्याला आणखी टेकू नकोत.

अन्नरसाचेही तसेच. म्युंखने १९३० मध्ये दाबाच्या फरकाने साखर वाहते हे सांगितले आणि पुस्तके तिथेच थांबली. आमच्या संत्रा बागाईतदाराला म्युंख ठाऊक नसतो. कोळशी मात्र पक्की ठाऊक असते. काळी माशी पानाखाली बसून रसवाहिनीतला रस ओढते, तिला न पचलेली साखर चिकट थेंबांनी खालच्या पानावर पडते आणि त्यावर काळी बुरशी चढते. पानाला धड ऊनही मिळत नाही. पोषणद्रव्यांची गोष्ट तर दोन वाक्यांत संपते. नत्र आणि मॅग्नेशियम जुन्या पानांतून काढून बोंडांकडे नेता येतात, म्हणून पऱ्हाटीवरचा लाल्या खालून वर चढतो. लोह तसे हलत नाही, म्हणून चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्याची पिवळी पडतात ती शेंड्याची कोवळी पाने.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे येतो. झाडातल्या वाहतुकीत पाणी पहिले, अन्न दुसरे आणि हवा कुठेतरी तळटीपेत, ही उतरंड मला कधीच पटली नाही. नागपूरहून वर्धा रोडने निघालात की बुटीबोरीच्या अलीकडे-पलीकडे जी काळी, भारी जमीन लागते, तिथे पाण्याच्या तुटीइतकाच मुळांशी हवा न पोचण्यानेही पिकाचा घात होतो. ही माती भिजली की फुगते, छिद्रे मिटतात. उरलेल्या छिद्रांत पाणी असते आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या सुमारे दहा हजारपट सावकाश सरकतो. मुळाला श्वास घ्यायचा कुठून?

याचा दाखला म्हणजे आकस्मिक मर. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाची लांब उघडीप पडते, मग एखाद्या रात्री धो-धो कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. पात्या-बोंडांनी लगडलेली, जोमाने वाढलेली पऱ्हाटी दुपारपर्यंत माना टाकते. शेतात पाणी तुंबलेले आणि झाड तहानेने सुकलेले. ‘मर रोग आला’ म्हणत माणूस कृषी केंद्रात धावतो आणि बुरशीनाशकाच्या बाटल्या घेऊन येतो. अहो, झाड उपटून चाकूने खोड उभे चिरून तर पाहा! बुरशीची मर असेल तर आत तपकिरी रेघ दिसते. इथे लाकूड पांढरेशुभ्र असते, मुळेही कुजलेली नसतात. 

आत काय घडते ते फार सुरेख आहे. प्राणवायू संपला की मुळांच्या पेशी आम्ल होतात आणि पाणी आत घेणारी त्यांच्या आवरणातली प्रथिनांची दारे बंद होतात. हे फ्रेंच संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. ती दारे शोधणाऱ्या पीटर ॲग्रेंना नोबेल मिळाले तेही त्याच वर्षी. पुढे आणखी गंमत. गुदमरलेले मूळ इथिलीन वायूचा कच्चा माल तयार करते, पण शेवटच्या पायरीला प्राणवायू लागतो, तो तिथे नसतो. मग तो कच्चा माल काष्ठवाहिन्यांतून वर जातो, पानांत हवा मिळते, तिथे इथिलीन बनते आणि पाने लोंबतात, पात्या गळतात. कोबाल्ट ही शेवटची पायरी अडवते. म्हणूनच लक्षण दिसताच दर लिटरला १० मिलिग्रॅम कोबाल्ट क्लोराइड फवारायचा सल्ला आहे. दोन दिवस उलटले की त्याचा फारसा उपयोग नाही. आणि साचलेले पाणी काढले नाही, तर वेळेवर फवारूनही काय होणार?

भंडारा-गोंदियाचा धान अशा पाण्यात महिनोन्‌महिने उभा राहतो, कारण त्याच्या अंगात पानापासून मुळापर्यंत हवेच्या पोकळ्या असतात. पऱ्हाटीत त्या नाहीत, संत्र्यातही नाहीत. संत्र्याची तंतुमुळे वरच्या फूट-दीड फुटातच असतात, तरी बुंध्याशी पाणी तुंबवणारे बागाईतदार मी आजही पाहतो. दुहेरी आळे करा, पाणी खोडाला लागू देऊ नका, डिंक्याची बुरशी पाण्यातच पोहत येते, हे आम्ही बांधाबांधावर सांगत फिरलो. तेव्हा सभेत एक विद्वान म्हणाले होते, ‘झाडाला पाणी जास्त झाले असे कधी होते का?’ त्यांचे शिष्य आता ठिबकचे व्हॉल्व्ह रात्रभर उघडे ठेवायला शिकवतात.

पूर्वी पावसाने जरा उसंत दिली, वाफसा आला की बैलांचा डवरा फिरायचा. त्याने तण निघे, हे सगळ्यांना दिसे. पपडी फुटून मुळांशी हवा जाई, हे कुणी मोजले नाही. आता बैल गेले, तणनाशक आले. तण मरते, पपडी तशीच राहते. नव्वदच्या दशकात बुटीबोरीला औद्योगिक वसाहत आली, मग रुंद रस्ते आले. भरावांनी जुने नाले अडले, की वरच्या शेतातले पाणी आठ-आठ दिवस हलत नाही. धुऱ्यालगतचे चर तर आपणच बुजवले, दोन तास जास्त पेरता यावेत म्हणून.

चर पुन्हा खणायला निघालात तर पहिला प्रश्न येतो तो पाणी कुणाच्या शेतात सोडायचे हा, आणि शेजारी कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावर उभा राहतो. हे भांडण वैशाखात, जमीन कोरडी असताना भांडून घ्यावे. भादव्यात ते सुटेपर्यंत पऱ्हाटी थांबत नाही.