फोन, ठेका आणि मात्रेचा हिशेब

गाणाऱ्याने खिशातल्या फोनवरच ध्वनिमुद्रणाचा सारा कारभार सोपवावा, यात आता नवल उरले नसले, तरी त्या फोनला ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन जोडून देण्याचे काम ज्याच्या वाट्यास येते, त्याला पहिली चिंता पडते ती सुरांची नव्हे, विजेची. माझी भाची ख्याल गाते. तबल्याचा ठेका फोनमध्ये आधीच भरलेला असतो, आणि तो ऐकत तिने गायलेले त्याच फोनमध्ये उतरवून घेणे, एवढीच माझी कामगिरी.

इंटरफेस म्हणजे माइकचा दुर्बल संकेत वाढवून, त्याचे अंकांत रूपांतर करून तो यूएसबीच्या तारेने फोनच्या हवाली करणारी पेटी. अँड्रॉइडने 2014 साली, पाचव्या आवृत्तीपासून, अशा पेट्यांना रीतसर प्रवेश दिला आणि आयफोनलाही 2023 मध्ये यूएसबी-सीचे तोंड मिळाले, त्यामुळे जोडणीची कटकट पुष्कळ निवळली. केबल मात्र नुसत्या चार्जिंगची नसावी. घोडे पेंड खाते ते पुढे. कंडेन्सर माइकला 48 व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, आणि लहान इंटरफेस तो फोनकडून मिळणाऱ्या 5 व्होल्टांतूनच उभा करतो. ‘48’चे बटण दाबावे, तांबडा दिवा लागावा, आणि पाठोपाठ जोडलेले यंत्र फार वीज मागत असल्याची तक्रार पडद्यावर येऊन सारा सरंजाम बंद पडावा, हा अनुभव नित्याचा आहे. अशा वेळी मध्ये स्वतंत्र वीजपुरवठ्याचा हब घालावा, नाहीतर ज्याला फँटम लागतच नाही असा डायनॅमिक माइक घ्यावा.

हेडफोन तारेचाच हवा, याविषयी मी हट्टी आहे. ब्लूटूथवर आवाज कानी पोहोचण्यास बहुधा दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात. चित्रपट पाहताना हा विलंब झाकला जातो, परंतु मिनिटाला 300 मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्राच 200 मिलिसेकंदांची असते, म्हणजे गायिकेला स्वतःचा स्वर जवळजवळ एक मात्रा उशिरा ऐकू येऊन सम कोठे गाठावी याचाच घोळ होतो. तारेनेही विलंब अजिबात नाहीसा होत नाही: सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या वेगाने 256 नमुन्यांचा साठा भरण्यास सुमारे 5 मिलिसेकंद जातात, तेवढेच परतताना, शिवाय फोनचा स्वतःचा वेळ निराळा. म्हणून इंटरफेसवरील डायरेक्ट मॉनिटर चालू करून तिचा आवाज फोनपर्यंतची फेरी न करता परस्पर तिच्या कानी घालावा, आणि अ‍ॅपमधील मॉनिटर त्याच वेळी बंद करावा. तो चालू राहिला तर एकच स्वर दोनदा, मागेपुढे, ऐकू येतो आणि गाणारा हैराण होतो.

फोन विमानस्थितीत टाकला की माझ्या बाजूचा बंदोबस्त पुरा होतो. तिच्या बाजूचा होत नाही. “मामा, दोन्ही कान झाकले की माझाच सूर मला परका वाटतो,” असे म्हणून ती डावी वाटी कानामागे सरकवते, आणि त्या फटीतून ठेका माइकमध्ये झिरपतो. वाटी कानामागच्या हाडाशी घट्ट टेकवून ठेवण्याची आणि ठेक्याचा आवाज तिला जेमतेम पुरेल इतका उतरवण्याची तडजोड आम्ही केली आहे. तरीही विलंबितातल्या संथ, मोकळ्या जागांत तबल्याचा एखादा ‘धा’ तिच्या आलापाखाली ऐकू येतोच.