गॅस सिलिंडर, घरगुती : हाताळणी

स्वयंपाकाच्या इंधनासाठी द्रवीकृत खनिज तेल वायू दाबाखाली साठविण्याचे पोलादी पात्र. बोलीभाषेत यास ‘गॅसची टाकी’ असेही म्हणतात. भारतात या वायूची घरगुती विक्री बर्मा शेल कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत सुरू केली. पुढे १९६५ मध्ये इंडियन ऑइलने कलकत्त्यात ‘इंडेन’ या नावाने वितरण आरंभिले आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे सिलिंडर ग्रामीण भागातील घरोघरी पोहोचला. त्याच्या गळतीविषयी व स्फोटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र तो जागचा हलविताना होणाऱ्या इजांकडे त्यामानाने फारच कमी लक्ष गेले आहे.

प्रचलित घरगुती सिलिंडरात १४·२ किग्रॅ. वायू असतो. रिकाम्या पात्राचे वजन सामान्यपणे १५ ते १६ किग्रॅ. असून ते प्रत्येक सिलिंडरावर नोंदविलेले असते. म्हणजे भरलेल्या सिलिंडराचे एकूण वजन सु. ३० किग्रॅ. होते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य विषयक राष्ट्रीय संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या उचल-समीकरणात, परिस्थिती सर्वतोपरी अनुकूल असताना एका व्यक्तीने उचलावयाच्या भाराची मर्यादा २३ किग्रॅ. धरली आहे. अनुकूल परिस्थिती म्हणजे वस्तू शरीरालगत, कमरेच्या जवळपासच्या उंचीवर व चांगल्या पकडीची असणे. सिलिंडर जमिनीवर असतो, गोल व गुळगुळीत असतो आणि ओट्याखालच्या अरुंद जागेतून वाकून बाहेर काढावा लागतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट ही मर्यादा आणखी खाली आणते. सारांश, भरलेला सिलिंडर ही एकट्याने उचलण्याची वस्तूच नव्हे. पात्राचा आकार व वजन ही भरणा, वाहतूक आणि महिनाभराचा पुरवठा यांच्या सोयीने ठरली आहेत. ते हलविणाऱ्या गृहिणीच्या किंवा वृद्धाच्या शक्तीचा विचार त्यांत दिसत नाही.

कमरेवर येणारा ताण साध्या हिशेबाने कळतो. ३० किग्रॅ. चा भार कण्याच्या खालच्या भागापासून ४० सेंमी. पुढे धरला, तर पाठीच्या स्नायूंना त्याचा तोल सांभाळावा लागतो. या स्नायूंची तरफभुजा जेमतेम ५ सेंमी. असल्याने त्यांना सु. २४० किग्रॅ. भाराइतकी ओढ निर्माण करावी लागते. वाकलेल्या धडाचे वजन यात धरलेले नाही. उचलतानाच अंग पिळले गेल्यास मणक्यांमधील चकत्यांना इजा होण्याचा धोका वाढतो.

न उचलता सिलिंडर कलता करून फिरवीत नेणे, ही घरोघर सिलिंडर पोहोचविणाऱ्या कामगारांची रीत यंत्रशास्त्राच्या दृष्टीने योग्य आहे. तळाच्या कड्याचा व्यास सु. ३० सेंमी. आणि वरच्या पकडकड्याची उंची सु. ६० सेंमी. धरल्यास सिलिंडर कलता करण्यास आरंभी सु. ७·५ किग्रॅ. इतकेच बल पुरते, म्हणजे वजनाचा चौथा हिस्सा. कल वाढत जातो तसे हे बलही कमी होत जाते. सु. २५ अंशांच्या आसपास सिलिंडर कड्याच्या काठावर तोलला जातो व जवळजवळ सगळा भार जमीनच पेलते. मात्र त्यापलीकडे तो स्वतःच्या वजनाने पडू लागतो. शिवाय भरलेल्या सिलिंडरातही वरची सु. एकपंचमांश जागा वायुरूप असल्याने आतील द्रव हिंदकळतो आणि तोल अचानक बदलतो. म्हणून कल थोडाच ठेवावा, दोन्ही हात पकडकड्यावर असावेत आणि लहान लहान वळशांनी पुढे सरकावे. पाऊल सिलिंडराच्या बाजूस असावे, कड्याच्या वाटेत नव्हे. आपल्याकडे स्वयंपाकघरात अनवाणी वावरण्याची पद्धत आहे. या एका कामापुरती ती बाजूस ठेवून पुढून बंद असलेले पायताण घालणे इष्ट. तोल गेलाच, तर सिलिंडर पडू द्यावा व स्वतः बाजूस व्हावे. तो सावरण्याच्या धडपडीत मनगट, पाठ किंवा पायाची बोटे दुखावण्याचा संभव अधिक असतो. पडलेला सिलिंडर उभा करून गळती तपासल्याशिवाय वापरू नये.

गुळगुळीत फरशीवर जाड गोणपाटावर सिलिंडर उभा ठेवून गोणपाट सावकाश ओढणे, हाही सोपा उपाय आहे. फरशी ओली नसावी. उंबरठा ही खरी अडचण असते. तेथे फळीचा लहानसा उतार करावा, अन्यथा दुसऱ्याची मदत घ्यावी. जिन्यावरून भरलेला सिलिंडर एकट्याने नेऊ नये. वितरकाने तो ग्राहकाच्या घरी पोहोचवावयाचा असतो, तेव्हा दारात ठेवून न घेता स्वयंपाकघरात नेमक्या जागी ठेवून घेण्याचा आग्रह धरावा. चाकांची बैठक घराच्या आत उपयोगी पडते, परंतु ती सिलिंडर घट्ट धरणारी असावी.

हलविण्यापूर्वी शेगडीची बटणे व रेग्युलेटर बंद करून रेग्युलेटर काढावा आणि झडपेवर सुरक्षा टोपण बसवावे. झडपेभोवतीचे कडे तिचे रक्षण करते, पण वर आलेल्या रेग्युलेटरला ते संरक्षण पुरेसे मिळत नाही. केर काढण्यासाठी जोडलेला सिलिंडर तसाच सरकविण्याची सवय सर्वत्र आढळते. त्याने रबरी नळी ताणली जाते व जोडाशी सैल होते. सिलिंडर नेहमी उभाच असावा. तो आडवा केल्यास झडपेशी वायूऐवजी द्रव येतो आणि बाहेर पडलेला द्रव आपल्या आकारमानाच्या सु. २५० पट वायू होऊन पसरतो. याच कारणाने सिलिंडर आडवा करून गडगडत नेणे वर्ज्य मानावे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत व खोलगट जागी साचतो. म्हणून तळघरात सिलिंडर ठेवीत नाहीत. गळती ओळखता यावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे संयुग मिसळलेले असते. नवा सिलिंडर जोडल्यावर जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आल्यास गळती आहे असे समजावे. आगकाडीने गळती शोधणे जिवावर बेतू शकते. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण न दाबता दारेखिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर जाऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी लहान सिलिंडर हा अधिक समंजस पर्याय ठरतो. ५ किग्रॅ. वायूचे सिलिंडर उपलब्ध आहेत. इंडियन ऑइलने २०२१ मध्ये ५ व १० किग्रॅ. वायूचे, काचतंतू व बहुवारिक यांपासून बनविलेले संमिश्र सिलिंडरही वितरणात आणले. त्यांचे रिकामे वजन तेवढ्याच वायूच्या पोलादी सिलिंडराच्या जवळजवळ निम्मे असते आणि अर्धपारदर्शक भिंतीतून आतील द्रवाची पातळी दिसते. त्यासाठी अनामत रक्कम अधिक भरावी लागते. शहरांत जेथे नळाने वायू पुरविला जातो, तेथे हा प्रश्न उरतच नाही.