विद्यार्थ्याचे समाधान : एका शब्दाचे दोन अर्थ

विद्यापीठीय अध्यापनाची चर्चा अलीकडे ज्या शब्दाभोवती फिरते तो शब्द 'समाधान' हा होय. राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषदेने २०१७ साली आपल्या सुधारित पद्धतीत विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षण समाविष्ट केले, तेव्हापासून भाषा-साहित्याच्या विभागांनाही या शब्दाचा विचार करणे भाग पडले. मराठीत त्याचे दोन अर्थ रूढ आहेत. एक तृप्तीचा : जे लाभले त्यात मन निवणे. दुसरा 'शंकासमाधान' या समासात दिसतो : मनात उद्भवलेल्या शंकेचे निराकरण होणे. हिंदीत पहिला अर्थ 'संतोष', 'संतुष्टि' या शब्दांनी व्यक्त होतो आणि 'समाधान' हा शब्द मुख्यतः प्रश्नाच्या उकलीसाठी योजला जातो. प्रश्नावलीतून मोजले जाते ते पहिले समाधान; अध्यापनाला अभिप्रेत असते ते दुसरे. या दोहोंचा संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिले समाधान कशाने लाभते? ते केवळ शिक्षकाच्या गोड वाणीवर अवलंबून असते, असे मानणे विद्यार्थ्यांवर अन्याय करणारे ठरेल. पॉल रॅम्सडेन यांनी १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील पदवी-अभ्यासक्रमांसाठी मांडलेल्या प्रश्नावलीत अध्यापनाची गुणवत्ता, उद्दिष्टांची स्पष्टता, अभ्यासाचा झेपेल इतका भार, योग्य मूल्यमापन आणि विद्यार्थ्याला मिळणारे स्वातंत्र्य हे घटक होते. ब्रिटनमध्ये २००५ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय विद्यार्थी-सर्वेक्षणाच्या आरंभीच्या वर्षांत सर्वांत कमी समाधान आढळले ते मूल्यमापन व त्यावरील अभिप्रायाबाबत. आपल्याकडील प्रश्नावलीतही, लिहून दिलेल्या कामाविषयी शिक्षकांनी चर्चा केली काय, असा प्रश्न आहेच. निबंध नुसत्या गुणांनिशी परत मिळाला, तर आपले कोठे चुकले हे विद्यार्थ्याला उमगत नाही. त्याच्या असमाधानाचे मूळ येथे न सुटलेल्या शंकेत असते. म्हणजे या ठिकाणी शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांस भेटतात.

ते सर्वत्र भेटतात असे मात्र नाही. १९७३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 'डॉ. फॉक्स' या नावाने एका नटाला व्याख्याता म्हणून उभे करण्यात आले. त्याचे भाषण रंजक, पण परस्परविरोधी व निरर्थक विधानांनी भरलेले होते. श्रोते मानसोपचार व शिक्षण या क्षेत्रांतील जाणकार असूनही बहुतेकांनी अनुकूल मत नोंदविले. हा प्रयोग लहान होता. त्याहून भक्कम पुरावा कॅरेल आणि वेस्ट यांच्या २०१० च्या अभ्यासात मिळतो. अमेरिकी वायुदलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही, त्यामुळे तुलना निर्दोष करता आली. गणिताच्या ज्या शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून उच्च गुणांकन मिळाले, त्यांच्या वर्गाचे चालू परीक्षेतील यश चांगले होते. पण पुढील, अधिक कठीण पाठ्यक्रमांत तेच विद्यार्थी मागे पडले. हार्वर्ड येथील पदार्थविज्ञानाच्या वर्गांवरील २०१९ च्या अभ्यासात, स्वतः प्रश्न सोडवीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक आत्मसात केले, आणि तरीही आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. सफाईदार व्याख्यान ऐकताना अडखळण्याचा प्रसंग येत नाही, आणि ऐकण्यातील सुगमतेला आपण आकलन समजून बसतो. उलट स्वतः अर्थ लावताना अडचणी सतत जाणवतात, आणि ती जाणीव अपयशासारखी भासते.

भारतीय साहित्याच्या तौलनिक अध्यापनात हा प्रश्न विशेष तीव्र होतो. एकाच वर्गात मलयाळम, मणिपुरी, पंजाबी अशा विविध मातृभाषांचे विद्यार्थी बसतात आणि मराठी अभंग बहुधा हिंदी वा इंग्रजी अनुवादातून वाचतात. भक्तिपरंपरेचा सुबक गोषवारा सांगणारा शिक्षक तासाअखेरीस वर्गाला तृप्त करू शकतो. जो शिक्षक दोन अनुवाद मूळ संहितेशेजारी ठेवून, विठ्ठलाला 'माउली' म्हणताना जे लिंग बदलते त्याचे अनुवादकांनी काय केले असे विचारतो, त्याचा वर्ग प्रथम अस्वस्थ होतो. आपल्या परंपरेला ही अस्वस्थता अपरिचित नाही. 'दासबोधा'सारख्या ग्रंथात श्रोते आशंका घेतात आणि त्या आशंकेनेच निरूपण पुढे सरकते. शंकेवाचून समाधान कशाचे करावयाचे?

अल्पमुदतीच्या नेमणुकीवर असलेल्या शिक्षकाची पुनर्नियुक्ती जर अशा गुणांकनावर ठरू लागली, तर कठीण संहिता पाठ्यक्रमातून हळूहळू गळतील, आणि त्यांबद्दल कोणी तक्रारही करणार नाही. कारण जे वाचलेच नाही त्याची उणीव विद्यार्थ्याला जाणवणार कशी?

यावर सर्वेक्षण बंद करणे हा उपाय नव्हे. उद्दिष्टे सांगितली गेली काय, निबंध वेळेवर व अभिप्रायासह परत मिळाला काय, प्रश्न विचारण्यास मोकळीक होती काय, याचा साक्षीदार विद्यार्थीच असतो. तेथे त्याचे मत निर्णायक मानावे. संहितांची निवड व विवेचनाची खोली यांचा निर्णय विषयाच्या जाणकारांनी करावा. इंग्लंडमध्ये २०२३ च्या सर्वेक्षणातून एकंदर समाधानाचा प्रश्नच वगळण्यात आला, हे येथे लक्षणीय आहे. शिवाय मत सत्राच्या मध्यावर घ्यावे, म्हणजे सुधारणेचा लाभ त्याच वर्गाला होईल. आणि वर्षभराने पुन्हा विचारावे. आरंभीच्या तासालाच, पुढे येणारी अडचण हा अभ्यासाचा भाग आहे, असे शिक्षकाने स्पष्ट सांगावे. वर्षानंतर विद्यार्थ्याला कोणती शंका आठवते आणि तिची उकल त्याला स्वतः करता येते काय, एवढे कळले तरी अध्यापनाविषयी पुष्कळ कळेल.